खेळता खेळता शिकू या: बालवाडी प्रशिक्षणातून मिळालेला धडा

शास्त्रभाग: मार्क १०:१३–१६, जखऱ्या ८:४–५, लूक ७:३१–३२



मागच्या वर्षी आपण दिलेल्या दानातून आम्हा चौघी बालवाडी सेविकांना दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आले. त्या प्रशिक्षणात काय शिकलो ते लिहून पाठवा, असे संपादकांनी सांगितले. पण काय शिकले हे सांगण्याआधी मी काय चुकत होते ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढच्या लिहिण्याला अर्थ राहणार नाही.

डहाणू तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर मी चार वर्षे बालवाडी चालवत होते. तीन ते सहा वर्षांची बावीस मुले. ओळीत बसवायचे, हाताची घडी घालायला लावायची, फळ्यावर अक्षर काढायचे आणि मुलांनी ओरडून म्हणायचे, अशी माझी पद्धत. माझ्या शाळेतही मला असेच शिकवले होते. त्या जूनमध्ये साडेचार वर्षांची एक मुलगी आली. ती बोलत नसे. ऑगस्टमध्ये एक दिवस मी तिला पुढे उभे केले आणि म्हटले, ‘‘म्हण, अ.’’ ती गप्प. मी पुन्हा म्हटले. मग हातातली छडी टेबलावर आपटली. तिला मारले नाही, पण मुलांना छडीचा आवाजही पुरतो. तिने उभ्या उभ्याच फ्रॉक ओला केला. बाकीची मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

‘या मुलीला समजत कमी आहे,’ असे मी हजेरीच्या वहीत लिहून ठेवले होते. ते पान अजून आहे. फाडावेसे वाटले, पण फाडले नाही.

शास्त्र काय दाखवते?

मार्काच्या दहाव्या अध्यायातला प्रसंग आपल्याला तोंडपाठ आहे. लोक बालकांना येशूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात आणि येशूला राग येतो. प्रशिक्षणाच्या पहिल्या सकाळी हाच भाग मननासाठी होता. मी नेहमी तो वाचताना येशूच्या बाजूने उभी असायची. त्या दिवशी पहिल्यांदा वाटले की आपण दटावणाऱ्यांत आहोत. येशूने त्या मुलांना काही म्हणून दाखवायला लावले नाही, काही विचारलेही नाही. त्याने त्यांना आधी कवेत घेतले आणि आशीर्वाद दिला.

जखऱ्या संदेष्टा यरुशलेमेच्या पुनर्स्थापनेचे चित्र रेखाटतो, तेव्हा त्यात दोन गोष्टी आवर्जून येतात: काठी टेकत बसलेले म्हातारे, आणि रस्त्यांवर खेळणारे मुलगे व मुली. देवाची कृपा एखाद्या नगरावर आहे याची खूण कोणती, तर मुले निर्धास्त खेळत आहेत. खेळ हा वाया गेलेला वेळ असता तर त्या चित्रात त्याला जागा मिळाली नसती.

आणि लूकाच्या सातव्या अध्यायात येशू बाजारात बसलेल्या मुलांचा दाखला देतो. ती मुले लग्नाची पावरी वाजवण्याचा आणि मयताला रडण्याचा खेळ खेळत आहेत. म्हणजे घरात, गावात जे पाहिले तेच खेळात उतरवत आहेत. आपल्याकडे भातुकलीत अगदी हेच चालते. दाखला मोठ्यांच्या हट्टीपणाविषयी आहे हे खरे, पण तो सांगता यावा म्हणून येशूने कधीतरी थांबून मुलांचा खेळ पाहिलेला होता. मी चार वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

हा वारसा आपल्याच दाराशी आहे

खेळातून शिक्षण ही शहरातली नवी टूम आहे असे काही जणांना वाटते. तसे नाही. सतराव्या शतकात मोरावियन मंडळीचा बिशप कोमेनियस याने मुलाच्या पहिल्या सहा वर्षांना ‘आईच्या मांडीवरची शाळा’ म्हटले होते. जर्मनीत बालोद्यानाची, म्हणजे किंडरगार्टनची सुरुवात करणारा फ्रेडरिक फ्रोबेल हा एका पाळकाचा मुलगा. तान्हा असतानाच त्याची आई गेली. पुढे लहान मुलांनी बागेतल्या रोपांसारखे वाढावे, यासाठी त्याने आयुष्य वेचले. १८४० मध्ये त्याने आपल्या शाळेला ते नाव दिले.

आणि आपल्या पालघर जिल्ह्यात तर हे काम डोळ्यांसमोर उभे आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना येथेच येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरिबांची, आदिवासींची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, माती, काड्या हीच त्यांची साधने झाली. मोठी मुले गुरे राखायला जात, तर त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. मी कोसबाडपासून फार लांब राहत नाही, आणि तरीही छडी घेऊन उभी होते.

प्रशिक्षणात काय शिकलो?

पहिला धडा भाषेचा. आमच्या प्रशिक्षक मूळच्या केरळच्या. पहिल्या दिवशी आत आल्या आणि मल्याळममध्ये बोलू लागल्या. फळ्यावर काहीतरी लिहिले, आम्हाला ते उतरवून घ्यायची खूण केली, मग प्रश्न विचारू लागल्या. एकीला उभे केले, आवाज चढवला. ती गोंधळली, बाकीच्या हसल्या. दहा मिनिटांनी त्या मराठीत म्हणाल्या, ‘‘आता सांगा, तुम्ही मंद आहात का?’’ कोणी बोलले नाही. मला आमच्या पाड्यावरची ती मुलगी दिसली. तिच्या घरात फक्त वारली बोलली जाते. माझी पुस्तकी मराठी तिच्यासाठी मल्याळमच होती. मूल आधी आपल्या घरच्या बोलीत मोकळे होते, आणि मगच दुसऱ्या भाषेचा हात धरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान वयात घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे.

दुसरा धडा खेळाच्या प्रकारांचा. मुक्त खेळात मूल स्वतः ठरवते. काय खेळायचे, कोणाबरोबर, किती वेळ. ताईने जवळ असायचे, पाहायचे, पण मध्ये पडायचे नाही. मार्गदर्शित खेळात मूलच खेळते, पण ताई एखादे साधन पुढे ठेवते किंवा एखादा प्रश्न टाकते: ‘‘हा मनोरा पडतो का बरं?’’ आणि नियमांचा खेळ म्हणजे तळ्यात-मळ्यात, लंगडी, आंधळी कोशिंबीर. यात थांबणे, ऐकणे, आपली पाळी येईपर्यंत धीर धरणे आले. दिवसात तिन्ही प्रकार हवेत. मी पूर्वी फक्त तिसरा प्रकार घेत असे, तोही शनिवारी, अर्धा तास.

तिसरा धडा अंकांचा. शंभरापर्यंत म्हणणारे मूल आम्ही हुशार समजत होतो. प्रशिक्षकांनी एका मुलासमोर पाच खडे ठेवले. त्याने बोट ठेवत ठेवत एक ते पाच मोजले. ‘‘मग किती आहेत?’’ असे विचारल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. त्याला अंकांची नावे येत होती, पण शेवटचा अंक म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे उमगले नव्हते. ते पाठांतराने उमगत नाही. ‘‘प्रत्येकाला एक पान वाढ’’, ‘‘पाने पुरली का? किती कमी पडली?’’ असे रोज हाताने केले की उमगते. त्याआधी वर्गीकरण येते: चिंचोके एका बाजूला, खडे दुसऱ्या बाजूला, मग मोठे-लहान, गुळगुळीत-खरखरीत. धान्य पाखडताना, भाजी निवडताना आई हेच करत असते.

चौथा धडा हाताचा. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरण्याचे बळ अजून आलेले नसते. त्याला ओळीत अक्षर गिरवायला लावणे म्हणजे न पिकलेले फळ पिळणे. आधी माती मळू दे, पानांच्या पत्रावळीत काडी टोचू दे, मणी ओवू दे, ओल्या वाळूत बोटाने रेघा ओढू दे. आमच्या पाड्यावर गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढायची रीत आहे. गोल, त्रिकोण, चौकोन मुलांच्या नजरेत आधीपासूनच आहेत. ते मी वर्गाबाहेर ठेवले होते.

पाचवा धडा काळजीचा. साधने फुकट मिळतात म्हणून काहीही उचलून आणायचे नाही. गुंजेच्या लाल-काळ्या बिया मुलांना फार आवडतात, पण त्या विषारी आहेत, एरंडाच्या बियाही. त्या वर्गात नकोत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोका किंवा मणी द्यायचा नाही, कारण तो नाकात किंवा घशात अडकतो. मोठ्या मुलांनाही मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. त्यातही मोजणे होतेच.

परत आल्यावर

प्रशिक्षणाहून आल्यावर पहिल्याच दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. तिची आई भात कापायला निघाली होती. मी म्हटले, ‘‘माझं चुकलं. मी तिला घाबरवलं. तिला परत पाठवाल का?’’ ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘ताई, ती घरी दिवसभर बोलते. तुमच्याकडंच कशी मुकी झाली, ते आम्हाला कळंना.’’

मुलगी आली, पण दारातच बसून राहिली. मी तिला आत बोलावले नाही. वर्गाच्या एका कोपऱ्यात मी भातुकली मांडली होती: करवंट्या, मातीची चूल, छोटे सूप, चिंध्यांची बाहुली. तिसऱ्या दिवशी ती तिथे सरकली. आठवडाभराने मी भिंतीकडे तोंड करून वही लिहित होते आणि मागे तिचा आवाज ऐकू आला. तिने सात-आठ खडे ओळीत मांडले होते. ती मुले होती. हातात एक काटकी होती. ती जमिनीवर आपटून ती वारलीत त्या खड्यांना दटावत होती, आणि एका खड्याला ओळीतून काढून तिने दाराबाहेर ठेवले होते.

ती ताई झाली होती. ती ताई म्हणजे मी.

मी काही बोलले नाही. उठून बाहेर गेले, तो खडा उचलून आणला आणि तिच्याजवळ खाली बसून विचारले, ‘‘याला आत घेऊ या का?’’ तिने काटकीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि खडा माझ्या हातातून घेऊन ओळीत ठेवला. मग काटकी चुलीत सरपण म्हणून घातली. त्या दिवशी माझी छडीही घरच्या चुलीत गेली.

मुलाच्या मनात काय बसले आहे, हे विचारून कळत नाही, खेळातून कळते. त्या दिवसापासून मी प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवले आहे. त्यावर ‘येते’ किंवा ‘येत नाही’ असे लिहीत नाही, जे पाहिले ते लिहिते: ‘आज चार पाने चौघांना वाढली.’ ‘आज धाकट्याला सूप दिले, स्वतः थांबली.’

‘‘खेळायचं तर घरीच खेळेल की!’’

सगळे सुरळीत झाले असे नाही. ऑक्टोबरात चार पालक एकत्र आले. एक बाप म्हणाला, ‘‘ताई, आम्ही शिकलो नाही. पोरगं शिकावं म्हणून पाठवतो. तुम्ही पाटी बंद केली आणि खेळायला लावलं. खेळायचं तर घरीच खेळेल की!’’ त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ज्यांना अंगठा उठवावा लागला, त्यांच्यासाठी अक्षर म्हणजे फसवणुकीपासून सुटका. अक्षर नको असे मी म्हणतच नव्हते.

मी व्याख्यान दिले नाही. पुढच्या सोमवारी त्यांना मुलांबरोबर बसवले. एका बापाला चिंचोके-खड्यांचे वर्गीकरण दिले, दुसऱ्याला मुलांना पाने वाढायला लावली. त्याचा मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, दोन कमी पडली.’’ त्याने मोजून पाहिली, दोनच कमी होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. जाताना म्हणाला, ‘‘पाटीही थोडी ठेवा.’’ मी ठेवली. मोठ्या मुलांसाठी, खेळ झाल्यावर, आणि आधी त्यांच्या नावाचे पहिले अक्षर. ऐकून घेणे मलाही शिकायचे होते.

दिवाळीनंतर पाड्यावरची बरीच कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेली, तशी त्या मुलीचेही घर बंद झाले. माझ्याकडे दहा मुले उरली, आजी-आजोबांबरोबर राहिलेली. पाटी, फळा, तक्ता यांतले काहीही भट्टीवर जात नाही. मे महिन्यात ती मंडळी परतली तेव्हा तिच्या आईने सांगितले, ‘‘भट्टीवर ही धाकट्याला घेऊन बसायची. विटांचे तुकडे मोठे-बारके लावायची. आमची वाट बघत रडत नसे.’’ एवढेच. अक्षरे तिला त्या जूनमध्येही आली नव्हती. पण जे तिने खेळात कमावले ते तिच्याबरोबर गेले होते आणि धाकट्या भावालाही मिळाले होते.

आपल्याशी दोन शब्द

आता थोडे मोकळेपणाने लिहिते. नाताळच्या आधी एका मंडळीची काही वडीलधारी माणसे प्रेमाने खाऊ आणि स्वेटर घेऊन भेटीला आली. त्यांनी मुलांना विचारले, ‘‘एबीसीडी कोणाला येते?’’ कोणालाच येत नव्हती. एखादे सुवर्णवचन म्हणायला सांगितले, तर मुले एकमेकांकडे पाहू लागली. पाहुण्यांचे चेहरे उतरले आणि माझाही उतरला. दान देणाऱ्यांना काहीतरी दाखवावे, या ओझ्याखालीच तर मी चार वर्षे छडी धरली होती. पुढच्या वेळेसाठी चार ओळी पाठ करून घ्याव्यात, असा मोह मला त्या रात्रीही झाला.

म्हणून विनंती आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा मुलांना म्हणायला लावू नका. खाली बसा. एखादे मूल तुम्हाला करवंटीतून खोटा चहा देईल, तो प्या. साखर जास्त झाली म्हणा. मग पाहा ते काय काय बोलते.

संडे स्कूलसाठी एक पाठ: हरवलेली बकरी (लूक १५:१–७)

हा पाठ आम्ही पाड्यावर घेतला. आपल्या संडे स्कूलमध्येही ४ ते ७ वयोगटासाठी घेता येईल.

१. दहा मोठे खडे किंवा मातीच्या दहा बकऱ्या घ्या. आमच्या मुलांनी मेंढरे पाहिलेली नाहीत, बकऱ्या पाहिल्या आहेत, म्हणून आम्ही बकऱ्या केल्या. काड्यांचे कुंपण मुलांकडूनच करून घ्या.

२. मुलांना बकऱ्या चरायला नेऊ द्या. पाच मिनिटे काही सांगू नका.

३. एक बकरी गुपचूप खोलीत लपवा. ‘‘संध्याकाळ झाली, बकऱ्या आत घ्या.’’ मुले मोजतील. कोणाच्या लक्षात आले नाही, तर पुन्हा मोजू द्या. उत्तर तुम्ही सांगू नका.

४. ‘‘नऊ आहेत, पुरेत की?’’ असे विचारा. काय म्हणतात ते ऐका. मग शोधायला सोडा.

५. सापडल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवून, नाचून आनंद करा. त्यानंतरच गोष्ट सांगा, तीही दोन-तीन मिनिटांत. शेवटी विचारा: ‘‘त्या बकरीला काय वाटलं असेल?’’

आमच्याकडे हा पाठ जूनमध्ये झाला, सगळी मुले परतल्यावर. ‘नऊ पुरेत का?’ या प्रश्नाला सर्वांत आधी त्या मुलीनेच उत्तर दिले. वारलीत ती म्हणाली की ती बाहेर एकटी आहे, तिला आत आणायला हवे. मी शिकवलेल्या गोष्टीतले हे वाक्य नव्हते. गोष्ट अजून सांगितलीच नव्हती.

चर्चेसाठी प्रश्न

१. मार्क १०:१३–१६ मधील शिष्यांना मुलांमुळे कोणती अडचण वाटली असेल? आपल्या मंडळीत, उपासनेच्या वेळी, आपण मुलांना कुठे दटावतो?

२. जखऱ्या ८:४–५ मधील चित्र आपल्या गावाला किंवा वस्तीला लावून पाहा. तिथे मुले निर्धास्त खेळू शकतात का? नसतील तर कशामुळे?

३. आपल्या संडे स्कूलमधील मूल घरी कोणती बोली बोलते, हे शिक्षकांना माहीत आहे का?

४. पाठांतर आणि समज यांत फरक कसा ओळखाल? एक उदाहरण द्या.

प्रार्थनेचे विषय

दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या संरक्षणासाठी, विशेषतः तिथल्या लहान मुलांसाठी. प्रशिक्षण घेतलेल्या आम्हा चौघींसाठी, की घाईच्या दिवशी जुनी सवय परत येऊ नये. पालकांशी धीराने बोलण्याची बुद्धी मिळावी यासाठी. आणि ज्या पाड्यांवर अजून लहान मुलांसाठी कोणीच नाही, तिथे प्रभूने कामकरी पाठवावेत यासाठी.

चिंध्यांच्या बाहुल्या, रिकाम्या काडेपेट्या, मोठे लाकडी मणी, जुन्या साड्या आपल्या घरी असतील तर महिला संघाकडे द्याव्यात. नवीन खेळणी विकत घेऊ नयेत. बाकीचे सारे आमच्या ओढ्याकाठी मिळते.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक बालवाडी सेविका